आईबाबांचा ब्लड ग्रुप आणि बाळाचा ब्लड ग्रुप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन आहे. सकाळी साडेसातला शटर वर गेलं की उपाशीपोटी शुगरवाले येतात, मग थायरॉइडवाले, आणि दहानंतर बाळांना घेऊन आया येतात. शुगरचा आकडा बघून लोक डॉक्टरकडे जातात, पण ब्लड ग्रुपचा रिपोर्ट हातात पडला की प्रश्न काउंटरवरच येतो, बरेचदा हळू आवाजात आणि घरातलं दुसरं कुणी ऐकत नाहीये ना ते बघून. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आई ए, बाबा बी आणि बाळ ओ! रिपोर्ट चुकलाय का?

नाही चुकला. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून पहिला घेतला.

ब्लड ग्रुप ठरवणाऱ्या जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून. रिपोर्टवर मात्र आपल्याला दोन्ही दिसत नाहीत. रिपोर्टवर ए लिहिलंय म्हणजे त्या माणसाकडे ए-ए अशी जोडी असेल किंवा ए-ओ अशी असेल, दोघांचा रिपोर्ट सारखाच येतो. बी चं पण तसंच, बी-बी किंवा बी-ओ. ओ असेल तर मात्र ओ-ओच. आणि एबी असेल तर एक ए, एक बी.

आता आई ए-ओ आहे, बाबा बी-ओ आहेत. बाळाला प्रत्येकाकडून एकच कॉपी मिळते. आईने ओ दिला, बाबांनी पण ओ दिला, बाळ ओ झालं, बस. याच जोडप्याला ए, बी, एबी, ओ चारही ग्रुपची मुलं होऊ शकतात आणि चौघांचा चान्स सारखा, चारात एक.

आपल्याकडे म्हणतात ना, नाक आजोबांचं आलंय, मधल्या पिढीत कुणालाच नव्हतं. ओ तसाच असतो, आजीकडून आईकडे येतो, आईमध्ये ए च्या मागे राहतो, रिपोर्टवर कधी दिसत नाही आणि मग नातवात वर येतो.

ओ 'मागे राहतो' म्हणजे काय? तो कमजोर असतो का?

कमजोर वगैरे काही नाही. मी हे मसाला पापडावरून सांगते, लोकांना पटकन कळतं.

आपल्या लाल पेशीवर साखरेच्या कणांची एक छोटी साखळी असते, तिला एच म्हणतात. हा झाला साधा पापड. ए जीन ज्याच्याकडे आहे त्याच्या शरीरात एक एन्झाइम बनतं, ते या पापडावर एका प्रकारची साखर ठेवतं, समजा कांदा. बी जीनचं एन्झाइम दुसरी साखर ठेवतं, समजा टोमॅटो. एबी वाल्याकडे दोन्ही कामाला असतात म्हणून कांदा पण आणि टोमॅटो पण. आणि ओ जीन? त्यातलं एन्झाइम कामच करत नाही, म्हणून पापड साधाच राहतो. ओ च्या नेहमीच्या प्रकारात जीनमधलं फक्त एक अक्षर गळलेलं असतं, तेवढ्याने पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि एन्झाइम बनत नाही. हे १९९० साली कळलं.

म्हणून ए-ओ माणसाच्या पापडावर कांदा असतोच, ए ची कॉपी एकटी पुरेशी असते. ओ दबला नाही की हरला नाही, त्याला ठेवायला काही नाही इतकंच. आणि ए आणि बी एकत्र आले तर दोघंही दिसतात, कुणी कुणाला झाकत नाही.

पापड लक्षात ठेवा, पुढे बॉम्बे ग्रुपला परत लागणार आहे.

आमच्या जोडीला कुठला ग्रुप येऊ शकतो ते सरळ सांगा ना

सांगते. दोघंही ओ असाल तर मूल ओच. एक ओ आणि दुसरा ए असेल तर ए किंवा ओ. एक ओ आणि दुसरा बी तर बी किंवा ओ. दोघंही ए तर ए किंवा ओ, दोघंही बी तर बी किंवा ओ. ए आणि बी असेल तर चारही शक्य, वर सांगितलंच. एक एबी आणि दुसरा ए किंवा बी किंवा एबी असेल तर ए, बी, एबी तिन्ही शक्य पण ओ नाही. आणि एक एबी, दुसरा ओ असेल तर मूल ए किंवा बी, म्हणजे आईसारखं पण नाही आणि बाबांसारखं पण नाही! हे शेवटचं ऐकून लोक सगळ्यात जास्त दचकतात, आणि नियमाप्रमाणे नेमकं तेच व्हायला पाहिजे.

ह्या नियमाचा इतिहास मला फार आवडतो. ए, बी, ओ हे गट व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडले, तेव्हा ओ ला ते सी म्हणायचे, एबी पुढच्या वर्षी सापडला. ग्रुप आईबाबांकडून येतो हे १९१० च्या सुमाराला कळलं, पण तेव्हा वाटायचं की ए चा जीन वेगळ्या ठिकाणी आहे आणि बी चा वेगळ्या ठिकाणी. तसं असतं तर एबी आणि ओ यांना ओ मूल पण व्हायला हवं होतं. १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाईन नावाच्या जर्मन गणितज्ञाने वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे ग्रुप किती प्रमाणात आहेत त्याचे आकडे घेऊन हिशोब मांडला आणि दाखवलं की जागा एकच आहे, तिथे ए, बी, ओ या तिघांपैकी एक बसतो. रक्ताच्या एका थेंबाला हात न लावता, नुसत्या आकडेमोडीवर! आज आपल्याला माहितीये की ती जागा नऊ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे (क्रोमोसोम म्हणजे जीन ज्यांच्यावर बसलेले असतात ते पेशीतले धागे).

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कुणाकडून येतं?

तो वेगळा जीन, एक नंबरच्या क्रोमोसोमवर. त्याचा एबीओशी काही संबंध नाही, दोन्ही आपापले स्वतंत्र येतात. पेशीवर डी नावाचं प्रोटीन असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. इथेही दोन कॉपी, आणि एक जरी डी वाली असली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह.

त्यामुळे आईबाबा दोघं पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हे अगदी शक्य आहे. दोघांकडे एकेक कॉपी 'नसलेली' असेल तर चारात एक चान्स. उलट दोघं निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्ह. आपल्याकडे निगेटिव्ह लोक शंभरात साधारण पाच, युरोपात पंधराच्या आसपास, म्हणून आपल्याकडे घरात एखादा निगेटिव्ह निघाला की 'हा कुठून आला' असं होतं. तो दोन्ही घराण्यांतून आलेला असतो, एकट्या सूनबाईच्या माहेरून नाही. हे मी काउंटरवर मुद्दाम सांगते कारण दोष एकाच बाजूला टाकायची सवय आहे आपल्याला.

मुलगा आईवर आणि मुलगी बाबांवर जाते असं ग्रुपच्या बाबतीत असतं का? आणि पहिल्याचा ओ आला तर दुसऱ्याचा वेगळा येईल ना?

दोन्ही नाही. हे दोन्ही जीन ज्या क्रोमोसोमवर आहेत त्यांचा मुलगा-मुलगीशी संबंध नाही. आणि प्रत्येक बाळाच्या वेळी फासे नव्याने पडतात, आधीच्या वेळी काय पडलं ते त्यांना माहीत नसतं. चारात एक म्हणजे चार मुलांत एकाला येणारच असंही नाही, चारही मुलं ओ असलेलं घर मी बघितलंय.

आमचा रिपोर्ट वरच्या नियमात बसतच नाही. आता काय समजायचं?

आधी श्वास घ्या. खरंच. आणि घरात कुणालाही काहीही बोलण्याआधी पुढचं पूर्ण वाचा.

काही वर्षांपूर्वी कळव्याहून एक बाई आली होती, कडेवर सात-आठ महिन्यांचा मुलगा, डोक्याला कानटोपी, आणि बरोबर सासूबाई. बाळाचा ग्रुप काढायचा होता. मी केला, ओ पॉझिटिव्ह. ती बाई स्वतः ओ. रिपोर्ट हातात घेतला आणि सासूबाईंनी पर्समधून एक जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं, मुलाच्या कंपनीच्या मेडिकलचं, त्यावर एबी. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी वाचलंय, एबी बापाला ओ पोर होत नाही." त्या बाईने काही उत्तर दिलं नाही, बाळाची कानटोपी नीट करत राहिली, सारखी तीच तीच टोपी. मला आत्ताही तिचे हात दिसतात.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, पण ते कार्ड बरोबर आहे हे कुणी सांगितलं? मुलाला संध्याकाळी पाठवा, पैसे नका देऊ. तो आला, कामावरून थेट. मी टाइलवर केलं, मग ट्यूबमध्ये केलं, मग रिव्हर्स म्हणजे उलटी तपासणी केली (ह्या पद्धती पुढे सांगते), मग दुसऱ्या बोटातून रक्त घेऊन पुन्हा केलं, आणि आमच्या डॉक्टरांना दाखवलं. बी पॉझिटिव्ह. चारही वेळा. कार्डावर कुणीतरी बी च्या आधी ए टाईप केला होता. बाप बी-ओ, आई ओ-ओ, मूल ओ, सगळं नियमात. एका अक्षरासाठी त्या घरात दोन दिवस काय काय झालं असेल ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

तर ग्रुप बसत नसेल तेव्हा सगळ्यात मोठं कारण हे, जुनी नोंद चुकलेली असते. शाळेचं आयकार्ड, सोसायटीचा फॉर्म, ऑफिसचं कार्ड, गाडीच्या लायसन्सवर आपणच सांगितलेला ग्रुप, ह्यातलं काहीही रिपोर्ट नसतं. माझ्या स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या आयकार्डवर चार वर्षं बी निगेटिव्ह होतं, ती बी पॉझिटिव्ह आहे, दरवर्षी सांगूनही दरवर्षी तेच छापून यायचं. कार्डावर विसंबून कुणी ठरवू नका.

दुसरं कारण, नमुन्याची अदलाबदल, म्हणून मी ट्यूबवर नाव पेशंटच्या समोरच लिहिते आणि त्यांना वाचायला लावते. तिसरं, ए चे काही कमकुवत प्रकार असतात, त्यात कांदा इतका थोडा असतो की घाईघाईत टाइलवर दिसत नाही आणि ए वाला ओ लिहिला जातो किंवा एबी वाला बी लिहिला जातो. डी चा पण असा कमकुवत प्रकार असतो. चौथं, एबी चे दोन्ही गुण एकाच कॉपीवर बसलेले असणं, अतिशय दुर्मिळ, पण त्यात एबी आईबापाला ओ मूल होऊ शकतं. आणि पाचवं कारण आपल्या मुंबईचं, ते खाली स्वतंत्र घेते.

तिघांचं रक्त नव्याने, एकाच ठिकाणी, ट्यूबने आणि दोन्ही बाजूंनी तपासून घ्या, शक्यतो ब्लड बँकेत. त्याच्या आधी त्या कागदाला काही अर्थ नाही.

बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे काय? तो मुंबईच्याच लोकांना असतो का?

नाव मुंबईचं कारण सापडला मुंबईत. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात तो पहिल्यांदा मांडला. एक मराठी डॉक्टर, आपल्या शेजारचं शहर, आणि जगभरच्या पुस्तकांत आजही तेच नाव आहे, मला फार अभिमान वाटतो ह्याचा.

आता पापड आठवा. ह्या लोकांकडे पापडच नसतो. एच बनवणारा जीन वेगळा आहे, १९ नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि त्याच्या दोन्ही कॉपी ह्यांच्याकडे बंद असतात. मग कांदा-टोमॅटो तयार असला तरी ठेवणार कशावर? त्यामुळे टाइलवर ह्यांचं रक्त ओ सारखं दिसतं. पण ह्यांच्या रक्तात एच च्या विरोधात अँटीबॉडी, म्हणजे परक्या गोष्टीवर हल्ला करणारी प्रोटीन्स, असतात, म्हणून ह्यांना साधं ओ रक्तसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बे ग्रुपचंच लागतं. ओ समजून ओ ची बाटली लावली तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच रक्त चढवण्याआधी ब्लड बँक क्रॉसमॅच करते, म्हणजे पेशंटचं आणि बाटलीतलं रक्त जुळवून बघते, तिथे हे पकडलं जातं. आपल्याकडे प्रमाण साधारण दहा हजारात एक धरतात, युरोपात त्याहून कितीतरी कमी.

वारशाच्या बाजूने बघा. बॉम्बे ग्रुपच्या आईकडे ए किंवा बी चा जीन लपलेला असू शकतो, तिच्या रिपोर्टवर ओ लिहिलंय, नवरा ओ आहे, आणि मूल मात्र ए! का, तर नवऱ्याकडून मुलाला पापड मिळाला आणि आईकडून कांदा. नियम मोडला असं वाटतं पण मोडलेला नसतो.

हा ग्रुप यायला आई आणि बाबा दोघांकडून बंद कॉपी यावी लागते, आणि नात्यात लग्न झालं, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असं, तर एकाच आजोबांची बंद कॉपी दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे अशी लग्नं बरीच होत आली आहेत. तुमच्या घरात कुणी बॉम्बे ग्रुपचं निघालं तर सख्ख्या भावंडांची तपासणी जरूर करा, त्यांच्यात प्रत्येकाला चारात एक चान्स असतो, आणि वेळ आली तर रक्त त्यांच्याकडूनच मिळू शकतं.

जन्माच्या वेळी फाईलवर बी लिहिलं होतं, आता वर्षाने ओ येतोय. बाळ बदललं नाही ना?

हा प्रश्न विचारताना आयांचा चेहरा बघवत नाही.

नवजात बाळाच्या पेशींवरचे ए आणि बी अजून पुरते उमटलेले नसतात, मोठ्यांपेक्षा बरेच फिके असतात. शिवाय नाळेचं रक्त घेतलं की नाळेतला चिकट पदार्थ त्यात येतो आणि त्याने पेशी उगाच एकमेकींना चिकटतात, बघणाऱ्याला वाटतं रिअॅक्शन आली. आणि मोठ्या माणसात आपण उलटी तपासणी करून उत्तर पडताळून बघतो, म्हणजे पेशींवर काय आहे ते एकदा आणि रक्तातल्या पाण्यात (सीरममध्ये) कुठल्या अँटीबॉडी आहेत ते एकदा, दोन्ही जुळायला पाहिजे. बाळाच्या स्वतःच्या अँटीबॉडी तीन ते सहा महिन्यांनंतर बनायला लागतात, त्याआधी जे असतं ते आईकडून आलेलं, म्हणून ही पडताळणी तेव्हा करताच येत नाही.

एवढ्यासाठी जन्माचा ग्रुप पेन्सिलने लिहिलाय असं समजा आणि वर्षाचं झालं की परत करून घ्या.

ब्लड ग्रुपवरून बाप कोण ते सिद्ध होतं का?

नाही. ग्रुप फार तर 'हे जुळत नाही' इतकं सांगू शकतो, आणि वर बघितलंत की ते सुद्धा किती कारणांनी चुकू शकतं. 'हाच बाप' असं तर तो कधीच सांगू शकत नाही, अर्ध्या ठाण्याचा ग्रुप ओ नाहीतर बी निघेल.

चार्ली चॅप्लिन यांच्यावर १९४० च्या दशकात अमेरिकेत अशी केस झाली होती. ते ओ, मुलीची आई ए, मुलगी बी. म्हणजे बी आईकडे पण नाही आणि चॅप्लिनकडे पण नाही. तरी ज्युरीने त्यांनाच बाप ठरवलं कारण तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ग्रुपची टेस्ट शेवटचा पुरावा धरत नव्हते. आज असा प्रश्न आला तर डीएनए टेस्ट असते, आणि आपल्याकडे कोर्ट ती पण सहजासहजी करायला सांगत नाही, कुणी नुसता संशय घेतला म्हणून रक्त तपासायचा आदेश देता येणार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच सांगितलंय. कोर्ट इतकं जपून पाऊल टाकतं आणि आपण व्हॉट्सअॅपवर आलेला तक्ता बघून घरातल्या बाईला प्रश्न विचारतो, हे मला सहन होत नाही.

बायको निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. बाळाला धोका आहे का?

काळजी घेतली तर नाही, पण काळजी घ्यायचीच.

बाळ तुमच्यावर जाऊन पॉझिटिव्ह झालं तर डिलिव्हरीच्या वेळी त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला डी प्रोटीन परकं वाटतं, ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. हे बाळ तोवर जन्मलेलं असतं म्हणून पहिलं बाळ सहसा ठीक असतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्याच अँटीबॉडी वारेतून जाऊन त्याच्या पेशी फोडायला लागतात, बाळाला पंडुरोग, जबरदस्त कावीळ, कधी त्याहून वाईट. आधीच्या पिढीतल्या बायका सांगतात ना, पहिलं नीट झालं आणि मग दोन-तीन गेली, त्यातल्या काही घरांत हे असणार.

१९६८ पासून ह्याच्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत एक. गर्भपात झाला, अॅबॉर्शन केलं, गर्भ नळीत राहिला, तरी विचारायचं, हे लोक विसरतात आणि तिथेच घोळ होतो. अँटीबॉडी एकदा बनल्या की मग इंजेक्शनचा उपयोग नाही, म्हणून त्या आधीच बनल्यात का ते सुरुवातीलाच इनडायरेक्ट कूम्ब्स नावाची रक्ताची टेस्ट करून बघतात. नवरा पण निगेटिव्ह असेल तर ही भानगडच नाही. आणि नवरा निगेटिव्ह, बायको पॉझिटिव्ह असेल तरी काही प्रश्न नाही, लोक उलटं पण घाबरतात.

मी ओ, बाळ बी, आणि बाळाला कावीळ झाली. माझ्यामुळे?

तुमच्या चुकीमुळे नाही. ओ आईच्या रक्तात ए आणि बी च्या विरोधातल्या अँटीबॉडी मुळातच असतात, त्यातल्या काही बाळाकडे जातात, म्हणून पहिल्या बाळाला सुद्धा होऊ शकतं. बहुतेक वेळा सौम्य असतं, निळ्या लाइटखाली ठेवतात आणि उतरतं. पण पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर उद्यावर ढकलू नका, लगेच दाखवा. कोवळं ऊन दाखवू, बघू, असं नको.

नवरा-बायकोचा ग्रुप एकच असला तर मुलांत दोष येतो का? लग्नाआधी ग्रुप जुळवावेत का?

एकच असला तर काहीही होत नाही. हा सगोत्रासारखा प्रकार नाही, बी पॉझिटिव्ह लोक कोट्यवधी आहेत, ते एकमेकांचे भाऊबहीण नाहीत. ह्या कारणावरून स्थळ नाकारलेलं मी ऐकलंय आणि वाईट वाटलं. मुलगी निगेटिव्ह असेल तर तेवढं माहीत असावं, इंजेक्शनसाठी, नाकारण्यासाठी नाही.

लग्नाआधी एक टेस्ट खरंच करा, ती ग्रुपची नाही, एचबीए२ ची, थॅलेसेमियासाठी, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आईबाबांकडून येणाऱ्या आजारासाठी. दोघंही मायनर असतील, म्हणजे दोघांकडे एकेक बिघडलेली कॉपी असेल, तर दोघांना काही त्रास नसतो, पण प्रत्येक मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याचा चान्स चारात एक. मेजर म्हणजे त्या मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त. सिंधी समाजात मायनरचं प्रमाण जास्त आहे आणि उल्हासनगर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून तिकडे लोकांना हे माहीत तरी आहे, आपल्या मराठी घरांत अजून पत्रिका आधी बघतात. एकदाच करायची टेस्ट आहे. आणि शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांतून कुणी असेल तर सिकलसेल पण बघून घ्या, तो पण असाच दोन कॉपींचा खेळ आहे.

आईबाबा मुलाला रक्त देऊ शकतात ना? रक्ताचं नातं आहे

नेहमी नाही. आई ओ, बाबा एबी, मुलगी ए असेल तर बाबांचं रक्त तिला चालणारच नाही, त्यात टोमॅटो आहे. आणि ग्रुप जुळला तरी डॉक्टर सख्ख्या नातेवाइकाचं रक्त शक्यतो टाळतात. आईबाप-भावंडांच्या पांढऱ्या पेशी आपल्याशी अर्ध्या जुळतात, त्यामुळे शरीर कधीकधी त्यांना परकं म्हणून ओळखतच नाही, आणि मग त्या पेशीच आतून हल्ला करतात. क्वचित होतं पण झालं तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. द्यायचंच असेल तर त्या बाटलीला आधी रेडिएशन देतात. त्यामुळे तुमचं रक्त ब्लड बँकेत दुसऱ्या कुणासाठी द्या आणि मुलासाठी तिथलं तपासलेलं घ्या.

ग्रुपवरून स्वभाव कळतो का? ग्रुपप्रमाणे डाएट करावं का?

नाही आणि नाही. जपानमध्ये स्वभावाचं फार वेड आहे, पुरावा काही नाही. डाएटचं पण तेच.

वयानुसार ग्रुप बदलतो का?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि डोनरचा ग्रुप वेगळा असेल तर बदलतो, काही ब्लड कॅन्सरमध्ये ए-बी फिके पडतात आणि टेस्ट गोंधळते. बाकी जन्माचा तो मरणाचा. गंमत म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर बाबांचा ग्रुप ए चा ओ झाला तरी पुढच्या मुलाला ते ए देऊ शकतात, कारण बदललेलं असतं फक्त रक्त.

टेस्ट करताना नक्की काय करता? आणि घरातल्या सगळ्यांची करायची तर कुठे?

पांढरी टाइल घेते, तिच्यावर रक्ताचे तीन थेंब. पहिल्यात निळं औषध, ते अँटी-ए. दुसऱ्यात पिवळं, ते अँटी-बी. तिसऱ्यात पाण्यासारखं बिनरंगी, अँटी-डी. काडीने ढवळायचं, प्रत्येकाला वेगळी काडी, आणि टाइल हातात घेऊन हळूहळू हलवायची. ज्यात जुळतं तिथे दूध फाटल्यासारखे लाल दाणे दाणे होतात, जिथे नाही तिथे रक्त गुळगुळीत राहतं. लहान मुलांना मी टाइल दाखवते, त्यांना फार आवडतं, एकदा एक मुलगा म्हणाला "आजीचं पण असंच दिसेल?" आणि खरंच संध्याकाळी आजीला घेऊन आला, दोघांच्या पिवळ्या थेंबात सारखेच दाणे.

ट्यूबची पद्धत ह्याहून खात्रीची, गरोदरपणात किंवा ऑपरेशनआधी तीच मागा. सगळ्यांचे रिपोर्ट एका कागदावर लिहून कपाटात आणि फोनमध्ये ठेवा, टेस्टची तारीख आणि कुठे केली ते पण लिहा. फुकटात करायचं असेल तर गणपतीत मंडळांची रक्तदान शिबिरं असतात, १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर रक्त द्या, ब्लड बँक तुमचा ग्रुप नीट दोन्ही बाजूंनी तपासते आणि कार्ड देते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. कार्डावरचं नाव आणि ग्रुप तिथेच उभं राहून वाचा, चूक असेल तर लगेच बदलून घ्या.